बैठं काम आणि जुनी कंबरदुखी: ऑफिसात बसणं कमी करायचं म्हणजे नेमकं काय करायचं

कंबर दुखायला लागून तीन महिने उलटून गेलेत, तपासण्या झाल्यात, डॉक्टर म्हणालेत गंभीर काही नाही, व्यायाम करा आणि बसणं कमी करा. व्यायामाचं समजू शकतो, पण ज्याचं कामच दिवसभर कॉम्प्युटरसमोर आहे त्याने बसणं कमी करायचं म्हणजे काय करायचं हे बहुतेक वेळा कोणी सांगतच नाही. मग लोक एकतर महागडी खुर्ची घेतात, नाहीतर एके दिवशी जोशात येऊन चार तास उभं राहून काम करतात, आणि दुसऱ्या दिवशी कंबरेसोबत पोटऱ्याही धरतात आणि सगळं बंद. हे बघून वाईट वाटतं, कारण गोष्ट खरंच जमण्यासारखी आहे, फक्त क्रमाने करायला हवी. म्हणून ज्यांनी अजून काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी हे सगळं पहिल्यापासून लिहितेय.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकते. दिवसात एकूण किती तास बसलात यापेक्षा एका बैठकीत न उठता किती वेळ बसलात याकडे आधी लक्ष द्या. सलग बसणं मोडायचं, तेही थोडं थोडं. उभं राहून काम करणं वगैरे त्याच्यानंतर येतं, आणि नाही जमलं तरी पहिल्या भागाचा फायदा कुठे जात नाही.

सुरू करण्याआधी हे बघा

लघवी किंवा संडासवरचा ताबा गेलाय, लघवी लागल्यासारखी वाटते पण होतच नाहीये, दोन्ही मांड्यांच्या मधला आणि बुडाचा जो भाग खुर्चीला टेकतो तो बधीर झालाय, किंवा पायातली ताकद भराभर कमी होतेय आणि चालताना पाऊल घासतंय, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जा, थांबू नका. दुखण्यासोबत ताप आहे, कारण नसताना वजन उतरतंय, पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर दुखणं सुरू झालंय, किंवा रात्री झोपेतून उठवणारं आणि कुशी बदलूनही कमी न होणारं दुखणं आहे, तर या सगळ्याच्या आधी डॉक्टरांना दाखवा. यातलं काही नसेल तर पुढे वाचा, आणि जुनी कंबरदुखी असणाऱ्या बहुतेकांमध्ये यातलं काही नसतं.

अजून एक. रिपोर्टमध्ये गादी (म्हणजे मणक्याच्या दोन हाडांमधली डिस्क) झिजली, गादी बाहेर आली असं लिहिलेलं वाचून लोक इतके घाबरतात की हलायचंच बंद करतात. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता, त्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन बघितले होते, आणि विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या, ऐंशीच्या घरातल्या तर ९६ टक्के. दुखत काहीच नव्हतं यांचं. त्यामुळे रिपोर्टमधल्या शब्दांना धरून बसू नका, उठण्याने, चालण्याने, वाकण्याने तुमचा मणका मोडणार नाहीये.

बसून राहिल्यावर नेमकं काय होतं

एक बोट मागच्या बाजूला वाकवून धरा. सुरुवातीला काहीच वाटत नाही, थोड्या वेळाने ताण जाणवतो, मग दुखायला लागतं, आणि सोडलं की हळूहळू बरं वाटतं. बोटाला इजा काहीच झालेली नसते, ते फक्त एकाच स्थितीत फार वेळ अडकलेलं असतं. कंबरेचंही बरंचसं असंच आहे. वाकून बसलं की मणक्यामागचे लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे पट्टे, हळूहळू ताणले जातात, स्नायू एकाच लांबीत अडकून राहतात, आणि गादीला मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, आजूबाजूच्या हाडांतून झिरपून येईल तेवढ्यावरच तिचं चालतं. म्हणून अधूनमधून हालचाल, वजन कमीजास्त होणं हे कंबरेला मानवतं.

बसणं म्हणजे मणक्यावर भयानक दाब हे तुम्ही ऐकलं असेल. ते आलंय स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांच्या १९६० च्या दशकातल्या मोजमापांवरून, त्यांनी गादीत सुई घालून दाब मोजला होता आणि टेकू न घेता बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त आला होता. पण १९९९ साली जर्मनीत विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा सैल बसण्यातला दाब उभ्यापेक्षा किंचित कमीच निघाला, आणि २० किलो वजन पाठ वाकवून उचलताना मात्र उभ्याच्या चौपटीपेक्षा जास्त. अर्थात ती मोजणी एकाच माणसावर होती, त्यामुळे तीही शेवटचा शब्द नाही. पण बसणं म्हणजे विष असं म्हणून स्वतःला घाबरवायचं कारण नाही हे त्यातून नक्की दिसतं. त्रास न हलण्याचा आहे, आणि पुतळ्यासारखं उभं राहिलात तर तेही न हलणंच.

पायरी १: आधी तीन दिवस फक्त मोजा

काहीही बदलू नका, फक्त लिहा. कामाचे तीन नेहमीचे दिवस घ्या, कागद टेबलावर ठेवा, आणि खुर्चीवरून उठलात की वेळ टाका, परत बसलात की वेळ टाका. बास. मोबाईलमध्ये पावलं मोजणारं ॲप असतं पण ते पावलं सांगतं, सलग बसणं सांगत नाही, त्यामुळे कागदच बरा.

दिवसाच्या शेवटी तीन गोष्टी बघायच्या: सगळ्यात लांब बैठक किती वेळाची झाली, दिवसात कितीदा उठलात, आणि उठताना कंबरेत कळ किती होती, शून्य ते दहामध्ये. ही तिसरी नोंद महत्त्वाची आहे, कारण बऱ्याच जणांना ठराविक वेळ ओलांडली की उठताना कंबर धरते, सरळ व्हायला चार पावलं लागतात, आणि ती वेळ प्रत्येकाची वेगळी असते. कोणाची ४० मिनिटं, कोणाची २०, कोणाची सकाळी तासभर आणि दुपारी पंधराच मिनिटं. तुमची वेळ कोणती हे तुमचा कागदच सांगेल, दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

आणि टार्गेट फार मोठं ठेवू नका हं. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात ६४ जणांवर सहा महिने अभ्यास झाला, २०२४ साली प्रसिद्ध झाला, सगळे वजन जास्त असलेले आणि दिवसाचा बराच वेळ बसून काढणारे. ज्या गटाला बसणं कमी करायला सांगितलं त्यांनी दिवसाला सरासरी ४० मिनिटं कमी केलं. एवढंच. आणि त्यांची कंबरदुखी सहा महिन्यांत वाढली नाही, दुसऱ्या गटाची वाढली. दुखणं गायब झालं असं कोणी म्हटलेलं नाही, वाढायचं थांबलं. पण ४० मिनिटं म्हणजे दिवसात पाच पाच मिनिटं आठ वेळा, हे कुठल्याही ऑफिसात जमतं.

पायरी २: सलग बसणं मोडा

हा भाग नीट वाचा, बाकीचं सगळं यावर उभं आहे.

तुमच्या कागदावर जी वेळ निघाली, म्हणजे जिथून पुढे कंबर आखडते, त्याच्या आधी उठायचं. दुखायला लागल्यावर उठणं म्हणजे उशीर झाला, कंबर आधीच चिडलेली असते. कागदावरून काही कळत नसेल तर अर्ध्या तासाने सुरुवात करा, आणि अर्ध्या तासाचं दडपण येत असेल तर पाऊण तास धरा, पण धरा.

आता लोक काय करतात, मोबाईलवर दर ३० मिनिटांनी वाजणारा अलार्म लावतात. पहिले काही दिवस उठतात, मग अलार्म बंद करून पुढे काम सुरू, कारण अलार्म नेहमी नको त्या वेळी वाजतो, वाक्य अर्धं असतं, आकडेमोड चालू असते, समोर माणूस बोलत असतो. त्यामुळे माझा सल्ला असा की घड्याळापेक्षा कामालाच उठणं बांधून टाका, जे काम दिवसात आपोआप पुन्हा पुन्हा येतं त्याच्याशी. म्हणजे:

- फोन वाजला की उठायचं, बोलणं संपेपर्यंत उभं किंवा चालत. दिवसात बरेच फोन येत असतील तर निम्मं काम इथेच झालं.
- ऑनलाईन मीटिंगमध्ये तुम्हाला फक्त ऐकायचं असेल तेव्हा उभं राहायचं, कॅमेरा चालू असला तरी काही बिघडत नाही.
- मोठी मेल पाठवली, फाईल सेव्ह केली, एक काम संपवून दुसरं उघडलं, या प्रत्येक जोडावर एकदा उठायचं.
- पाण्याची बाटली छोटी ठेवायची, भरायला स्वतः जायचं. पाणी जास्त पिलं की बाथरूमला उठणं आपोआप होतं, आणि जमलं तर लांबच्या किंवा दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमला जा.
- प्रिंटर, डस्टबिन, चार्जर हे हाताच्या अंतरावरून हलवा. सगळं हाताशी असणं सोयीचं वाटतं पण तुमच्या कंबरेला ते नकोय.
- शेजारच्या टीममधल्या माणसाला मेसेज टाकण्याऐवजी जाऊन विचारा.

यातलं सगळं एकदम सुरू करू नका. दोन निवडा, आठवडाभर तेवढेच करा, अंगवळणी पडले की तिसरं घ्या. आणि अलार्म पूर्ण सोडायचा नाही, तो राखीव म्हणून ठेवा, ज्या कामात डोकं घातलं की दोन तास कुठे गेले कळत नाही अशा कामापुरता. मनगटी घड्याळ नुसतं थरथरणारं असेल तर उत्तम, शेजारच्यांना त्रास नाही.

उठून काय करायचं? एक-दोन मिनिटं पुरतात, घाम गाळायचा नाहीये. नुसतं उठून दहा-वीस पावलं चालून आलात तरी चालेल आणि खरं तर चालणंच सगळ्यात चांगलं. जागा नसेल तर जागच्या जागी पावलं मारा, टाचा वर-खाली करा, खुर्चीवरून हात न टेकवता पाच वेळा ऊठबस करा, किंवा दोन्ही हात कंबरेवर मागे ठेवून हळूच मागे झुका आणि परत सरळ व्हा, असं पाच वेळा. दिवसभर पुढे वाकून बसणाऱ्याला हे मागे झुकणं फार सुखाचं वाटतं. पण एक बघा, मागे झुकल्यावर दुखणं कंबरेतून खाली मांडीत, पोटरीत उतरायला लागलं किंवा पायात मुंग्या वाढल्या तर ते तुमच्यासाठी नाही, त्याऐवजी चाला. दुखणं पायातून वर कंबरेकडे सरकत असेल तर साधारणपणे चांगलं लक्षण मानतात.

आणि उठायचं कसं हेही सांगते कारण जुनी कंबर उठतानाच जास्त रागावते. आधी खुर्चीच्या कडेला सरका, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्या, पाठ गोल न करता कंबरेतून, म्हणजे खुब्यातून पुढे झुका, आणि पायांवर जोर देऊन उभे राहा, हातांनी खुर्चीचे हात दाबले तरी चालतील. एकदम झटक्यात उठायचं नाही. उभं राहिल्यावर दोन श्वास घ्या, मग पाऊल टाका.

पायरी ३: थोडं काम उभं राहून

दुसरी पायरी दोनेक आठवडे नीट जमली की मगच हे. उंची कमीजास्त होणारं टेबल मिळालं तर छानच, पण नसलं म्हणून अडत नाही. नेहमीच्या टेबलावर मजबूत खोका किंवा जाड पुस्तकांचा गठ्ठा ठेवून त्यावर लॅपटॉप, कोपराच्या उंचीचं कपाट, खिडकीचा रुंद कट्टा, काहीही चालतं, हलणारं डगमगणारं नको एवढंच.

उंची कशी बघायची: सरळ उभे राहा, खांदे सैल सोडा, कोपर साधारण काटकोनात वाकवा, जिथे हात येतात तिथे कीबोर्ड हवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली, आणि अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. लॅपटॉपची गंमत अशी आहे की कीबोर्ड बरोबर आला की स्क्रीन खाली जाते आणि स्क्रीन बरोबर आली की हात वर जातात, म्हणून उभं राहून बराच वेळ काम करायचं असेल तर वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या, दुसरं काही घेऊ नका पण हे घ्या. लांबचं-जवळचं एकाच काचेत असलेला चष्मा लावत असाल तर स्क्रीन अजून थोडी खाली ठेवा, नाहीतर मान वर करून बघावं लागतं आणि कंबरेच्या नादात मान धरते.

उभं राहायला पहिल्या आठवड्यात ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोनदा. खरंच एवढंच. लोकांना हे फारच कमी वाटतं आणि इथेच घोळ होतो, कारण उभं राहण्याची सवय नसलेल्या पायांना आणि कंबरेला एकदम तास-दीड तास झेपत नाही, आणि बरेच धडधाकट लोकसुद्धा दोन तास एका जागी उभे केले तर कंबर दुखली म्हणतात. मग दर आठवड्याला थोडं वाढवत जा, कधी पाच मिनिटं जास्त, कधी एक वेळ जास्त. २०१५ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने बैठं काम करणाऱ्यांसाठी सल्ला दिला होता, की कामाच्या तासांत उभं राहणं आणि हलकं चालणं मिळून आधी २ तासांपर्यंत न्या, मग हळूहळू ४ तासांपर्यंत. लक्षात घ्या, हे चालणं आणि उभं राहणं मिळून आहे, आणि तुकड्यातुकड्यांत. दुखऱ्या कंबरेच्या माणसाने २ तासांपर्यंत पोचायला दोन महिने घेतले तरी काही बिघडत नाही, आणि ४ तासांचा हट्ट धरायची गरज मला तरी वाटत नाही.

उभं असताना गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ करू नका. एक पाय छोट्या स्टुलावर किंवा खोक्यावर ठेवा, थोड्या वेळाने दुसरा, यामुळे कंबरेची कमान सैल पडते आणि बऱ्याच जणांना लगेच फरक कळतो. वजन या पायावरून त्या पायावर घ्या. बूट सपाट आणि मऊ तळाचे, फरशी कडक असेल तर पायाखाली जाड मॅट. आणि कुठलं काम उभं राहून, कुठलं बसून हे ठरवून टाका, वाचणं, मेल, फोन, मीटिंग ही उभ्याची कामं, बारीक टायपिंग, डिझाईन, हिशेब ही बसून. उभं राहून बारीक काम करायला गेलं की माणूस टेबलावर ओणवा होतो आणि मग फायदा शून्य.

टेबल विकत घेणार असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासते, तिच्या २०१८ सालच्या आढाव्यात असं दिसलं की उंची बदलणाऱ्या टेबलांमुळे ऑफिसातलं बसणं सुरुवातीच्या काळात दिवसाला साधारण १०० मिनिटांनी कमी होतं, आणि पुढे तो फरक कमी होत जातो. म्हणजे टेबल आलं, कौतुक झालं, मग ते खालीच राहिलं. म्हणून दुसरी पायरी आधी, टेबल नंतर.

हे मात्र सगळ्यांसाठी नाही

काही जणांना उलटं असतं, उभं राहिलं किंवा थोडं चाललं की कंबर आणि पाय भरून येतात, जड होतात, आणि बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळं वाटतं. वय जास्त असेल आणि असं होत असेल तर मणक्यातली नसांची जागा अरुंद झालेली असू शकते, त्याला स्टेनोसिस म्हणतात. अशांनी उभं राहण्याचा भाग सोडून द्यावा, फक्त छोट्या छोट्या चालण्याने बैठक मोडावी आणि डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून पुढे जावं. पायावर फुगलेल्या शिरा, टाचदुखी, गुडघेदुखी, गरोदरपण यातही फार वेळ उभं राहणं नको, चालणं-बसणं आलटून पालटून करा.

खुर्चीबद्दल थोडंसं

थोडंसंच, कारण यावर गरजेपेक्षा खूप जास्त बोललं जातं. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, पाठ टेकली पाहिजे, कंबरेच्या खोलगट भागात छोटी उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल बरा वाटत असेल तर ठेवा. खुर्चीची पाठ मागे झुकण्याची सोय असेल तर ती वापरा, थोडं मागे रेलून बसणं काही आळशीपणा नाहीये, कंबरेचा भार पाठीच्या टेकूवर जातो. कायम ताठ ९० अंशात बसा असं जे शिकवतात ते दिवसभर कोणालाच जमत नाही आणि जमवायची गरजही नाही. थोडा वेळ ताठ, थोडा वेळ रेलून, थोडा वेळ कडेला, अशी बसण्याची पद्धत बदलत राहा. कंबरपट्ट्याबद्दल विचाराल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या जुन्या कंबरदुखीवरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पट्टे नेहमीचा उपाय म्हणून वापरू नका असंच सांगितलंय.

ज्यांना उठताच येत नाही

कॉल सेंटर, काउंटरवरचं काम, कंट्रोल रूम, गाडी चालवणं, यांना वरचं बरंचसं वाचून चिडच येईल आणि ती बरोबर आहे. तुमच्यासाठी दोन भाग. बसल्या जागी जे जमतं ते: दर काही मिनिटांनी कंबर हळूच पुढे कमानीत नेणं आणि परत गोल करणं, एका बुडावरून दुसऱ्या बुडावर वजन घेणं, पाय लांब करून पंजे ओढणं, हात डोक्यावर ताणून पाठ मागे रेलणं. हे उठण्याइतकं नाही पण काहीच न करण्यापेक्षा नक्की बरं. आणि दुसरा भाग, जो ब्रेक मिळतो तो बसून घालवायचा नाही. जेवणाची सुट्टी असेल तर जेवण बसून करा आणि उरलेला वेळ पायांवर. ड्रायव्हरनी शक्य असेल तिथे तास-दीड तासाने गाडी बाजूला घेऊन खाली उतरा, दोन मिनिटं चाला, आणि उतरल्या उतरल्या जड सामान उचलू नका, बराच वेळ बसल्यानंतर कंबर सैल आणि आखडलेली अशी दोन्ही असते, आधी चाला मग उचला.

साहेबांशी आणि बाजूच्यांशी बोला

बरेच जण फक्त या संकोचापायी उठत नाहीत की लोक काय म्हणतील, काम टाळतोय असं वाटेल. सरळ सांगून टाका. "सर, माझी कंबर बरेच महिने दुखतेय, डॉक्टरांनी दर अर्ध्या तासाला उठायला सांगितलंय, त्यामुळे मीटिंगमध्ये मी मागे उभा राहीन, कामावर परिणाम होणार नाही." एवढं पुरतं. लागलं तर डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या. आणि तुम्हीच जर साहेब किंवा मॅडम असाल तर मीटिंगच्या सुरुवातीला "ज्यांना उभं राहायचंय त्यांनी खुशाल राहा" एवढं म्हणा, टीममधल्या कोणाची तरी कंबर दुखत असणारच आणि तो सांगत नसणार. तासाची मीटिंग ५० मिनिटांची करा. दोघांचंच बोलणं असेल तर चालता चालता करा.

ऑफिसबाहेरचं

दिवसभर शिस्तीत उठलात आणि संध्याकाळी सोफ्यावर तीन तास सलग मोबाईल, तर कंबरेला काय कळणार की हे ऑफिस नाही. तिथेही तोच नियम, एक भाग संपला की उठा, जाहिरात आली की उठा. येण्याजाण्यात जिथे उभं राहता येईल, थोडं चालता येईल तिथे करा.

आणि चालणं हा यातला सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा भाग आहे. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला, ७०१ लोक, नुकतेच कंबरदुखीतून बरे झालेले. ज्यांना हळूहळू वाढवत आठवड्यात पाच वेळा ३० मिनिटं चालण्यापर्यंत नेलं आणि सोबत फिजिओथेरपिस्टने समजावून सांगितलं त्यांना दुखणं परत येईपर्यंत मधे साधारण २०८ दिवस मिळाले, बाकीच्यांना ११२. तुमचं दुखणं चालूच असेल तर हा आकडा तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही, पण चालण्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. दहा मिनिटांपासून सुरू करा.

दुखणं उसळलं तर

उसळणार, हे धरून चला. एखाद्या आठवड्यात प्रवास होईल, डेडलाईन येईल, झोप बिघडेल आणि कंबर पुन्हा धरेल. याचा अर्थ केलेलं वाया गेलं असा नाही. अशा वेळी अंथरूण धरून पडून राहू नका, उभं राहण्याची वेळ निम्म्यावर आणा, उठण्याची संख्या मात्र तशीच ठेवा किंवा वाढवा, चालणं छोटं करा पण बंद नको. शेक बरा वाटत असेल तर घ्या.

रोजच्यासाठी एक साधी पट्टी ठेवा. काही नवीन केल्यावर दुखणं दहापैकी एक-दोन अंकांनी वाढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत जागेवर आलं तर ठीक, तसंच चालू ठेवा. त्याहून जास्त वाढलं किंवा सकाळीही तसंच राहिलं तर मागच्या आठवड्यातल्या वेळेवर परत जा, आठवडाभर थांबा, मग पुन्हा वाढवा.

सहा आठवड्यांनी पहिल्यासारखेच तीन दिवस पुन्हा मोजा, तोच कागद, त्याच नोंदी. दुखण्याचा आकडा बघालच, पण त्याआधी लांब बैठक किती छोटी झाली आणि उठताना सरळ व्हायला किती वेळ लागतो ते बघा, फरक बहुतेकदा आधी तिथे दिसतो, दुखण्याचा आकडा मागून खाली येतो. बैठका खरंच मोडल्या गेल्यात आणि तरीही सहा-आठ आठवड्यांत काहीच हललेलं नाही, तर हा कागद घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा. कधी, किती वेळाने, काय केल्यावर दुखतं हे लिहिलेलं असलं की त्यांना तुमच्यासाठी नेमका व्यायाम ठरवणं खूप सोपं जातं.